सहाशे अकराव्या झाडापर्यंत

मी टेप बोलतोय. गाण्यांचा नव्हे हो, मापाचा. शिंप्याच्या गळ्यात लोंबकळतो तो माझा चुलतभाऊ. तो माणसांच्या कमरा मोजतो, आणि गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून शिंपी त्याला जरा सैल धरतो. मी झाडांचे घेर मोजतो. झाडाला कशाचं वाईट वाटत नाही, त्यामुळे मला कधी खोटं बोलावं लागलं नाही, असा माझा समज होता.

माझा जन्म कारखान्यातला. कापडी पट्टी, तिच्यावर पिवळा थर, त्यावर काळे आकडे. शून्यापासून तीनशे सेंटिमीटरपर्यंत. टोकाला पितळेची छोटी कडी. एका खोक्यात आम्ही शंभर जण होतो, सगळे तंतोतंत सारखे, त्यामुळे भावंडांत भांडणं नव्हती. तिथून मी निघालो तो जंगलाच्या ऑफिसात आलो, आणि ऑफिसातून मापाऱ्याच्या खिशात. त्या खिशात मी एकोणीस वर्षं काढली.

मापारी म्हणजे झाडं मोजणारा. जंगलाचा एक मोठा तुकडा दोऱ्या लावून आखलेला होता. त्यात बाराशे चाळीस झाडं. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. प्रत्येकाच्या बुंध्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर रंगाचा पट्टा, म्हणजे दर वेळी माप तिथेच. आणि प्रत्येकाची जागा नकाशावर मांडलेली. दर पाच वर्षांनी या सगळ्यांना एकेकदा मी मिठी मारायची, एवढंच आमचं काम.

कशासाठी, तर म्हणे झाडाची वाढ त्याच्या एकट्याच्या हातात नसते. शेजारी कोण, तो किती जाड, किती जवळ, यावर ती ठरते. मोठा शेजारी ऊन अडवतो, पाणी ओढतो, आणि बारकं झाड वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं. हे सगळे शेजारीपाजारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये भरले की तो हिशेब करून सांगतो, वीस वर्षांनी कुठलं झाड किती होईल. त्याला तिथे मॉडेल म्हणतात. मॉडेलने आजवर एकाही झाडाला हात लावलेला नाही. त्याला जे काय कळतं ते माझ्यामुळे.

मोजायला दोन माणसं लागतात. एकाने मला बुंध्याभोवती गुंडाळून आकडा ओरडायचा. दुसऱ्याने तो आकडा परत मोठ्याने म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून ही पद्धत. ओरडायला मापारी आणि लिहायला बाई. बाई म्हणजे मापाऱ्याची बायको. ऑफिसने तिलाच या कामाला ठेवलं होतं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि नवऱ्याबरोबर जंगलात दिवसदिवस फिरायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"जरा मोठ्यानं बोला की. झाडाला सांगताय का मला?"

"तुला ऐकू येत नाही त्याला मी काय करू?"

"मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच अर्धं तोंडात ठेवता."

असं दिवसभर चालायचं. मी ऐकत ऐकत झाडांना वेढे घालायचो.

अकरा वर्षांपूर्वी मापाऱ्याने जीपचं दार लावलं तेव्हा माझं टोक बाहेर राहिलं होतं. त्याने खसकन ओढलं. पितळेची कडी गेली आणि पुढचा तुकडा चिंध्यांसारखा झाला. दुखलं का, असं विचाराल तर ठाऊक नाही. बाईने घरी आल्यावर कात्रीने मला बरोबर दहाच्या रेघेवर कापलं, धागे सुटू नयेत म्हणून काठ शिवला आणि म्हणाली, "आता याचं शून्य गेलं. दहापासून सुरुवात. म्हणजे जे दिसेल त्यातून दहा वजा करायचे."

"ते तू बघ," मापारी म्हणाला. "मी आपला दिसेल ते सांगणार."

"मीच बघणार. नाहीतरी तुमच्या बोलण्यातून दहा वजा करायची मला सवय आहेच."

नव्या टेपासाठी अर्ज दिला होता. तो ऑफिसात कुठल्या तरी फायलीत जाऊन बसला. मग कोणी आठवण केली नाही आणि यांनाही गरज वाटली नाही. मापारी ओरडायचा, "एकशे सदतीस!" बाई म्हणायची, "एकशे सत्तावीस," आणि लिहायची. लांबून कोणी ऐकलं असतं तर बाजारात घासाघीस चालली आहे असं वाटलं असतं. पण ऐकायला होतं कोण? अशा दोन मोजण्या झाल्या. एकदाही मापाऱ्याने स्वतः वजाबाकी केली नाही. वहीत काय जातं, हे त्याने कधी उघडून पाहिलं नाही. तिने आकडा म्हटला की तो "हां" म्हणायचा आणि पुढच्या झाडाकडे चालू लागायचा. काही वर्षांनी तर ती दहा वजा करते हेसुद्धा त्याच्या डोक्यातून गेलं. त्याच्या कानाला ते तसंच ऐकायची सवय झाली होती.

यंदा तिसरी मोजणी. तुकड्याचे लांबलांब पट्टे पाडलेले असतात, एका पट्ट्यातून जायचं, दुसऱ्यातून यायचं. सात पट्टे संपले. आठवा अर्धा झाला. सहाशे अकरा नंबरच्या झाडाचा आकडा बाईने लिहिला आणि म्हणाली, "थांबा हो जरा. डोकं फार दुखतंय."

"ऊन लागलं असेल. पाणी पी."

"उरलेलं उद्या करू या का?"

"एवढा पट्टा तरी संपवू," मापारी म्हणाला.

ती बरं म्हणून उठली आणि तिथेच खाली बसली. मग तिला बोलता येईना. पुढचं मी खिशातून ऐकलं. धावपळ, जीप, दवाखाना, डॉक्टरांचं हळू बोलणं. डोक्यातली शीर फुटली होती म्हणे. तीन दिवस मापारी तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून होता. त्याने कपडे बदलले नव्हते, म्हणून मीही तिथेच होतो. चौथ्या दिवशी सकाळी बाई गेली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही. नातेवाईक आले, नातेवाईक गेले. जो तो म्हणायचा, "रडून घ्या, मोकळं व्हा." मापारी म्हणायचा, "हो." रडू येत नव्हतं, तो तरी काय करणार? जेवण पुढे ठेवलं तर जेवायचा. नाही ठेवलं तर नाही. एके दिवशी दुपारी त्याने मला काढलं आणि घरातल्या वस्तू मोजल्या. बादलीचा घेर. खांबाचा घेर. तिच्या उशीचासुद्धा. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणाला आणि थांबला. मग मला गुंडाळून परत खिशात ठेवलं. त्याला वाईट वाटत होतं असंही म्हणता येणार नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं. मी कापडाचा आहे, मला हे ओळखता येतं.

महिन्याने ऑफिसातून निरोप आला की मोजणी अर्धवट राहिली आहे, पूर्ण करा. लिहायला त्यांनी एक नवे गृहस्थ दिले. पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना टपालकाका म्हणत. माणूस बोलघेवडा, पण कामाला चोख.

"तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली मी," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "एकाचंही पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं वहीत जाईल. माझ्या पदरचा काना नाही की मात्रा नाही."

"बरं," मापारी म्हणाला.

सहाशे बारा नंबरचं झाड. मापाऱ्याने माझा वेढा घातला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "एकशे त्रेचाळीस."

"एकशे त्रेचाळीस," टपालकाका खणखणीत आवाजात म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

अहो, एकशे तेहेतीस! मी मनात म्हटलं. पण टेपला तोंड कुठे असतं? मापाऱ्याचा हात बुंध्यावर थांबला. काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं, हे मला त्याच्या बोटांवरून कळलं. पण त्या दिवशी त्याला सगळंच चुकल्यासारखं वाटत होतं. वाट चुकीची, ऊन चुकीचं, मागून येणारा आवाज चुकीचा. त्यात हे एक वेगळं कुठून दिसणार? तो "हां" म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे गेला.

उरलेली झाडं तीन आठवड्यांत झाली. टपालकाका वाटेत खूप बोलायचे. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, कुत्र्यांबद्दल. टपालवाल्याचं आणि कुत्र्याचं वैर नोकरी संपली तरी संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. मापारी आकडे सोडून काही बोलायचा नाही. वह्या ऑफिसात गेल्या, तिथे कोणीतरी आकडे कॉम्प्युटरमध्ये चढवले, आणि वह्या कपाटात बंद झाल्या. अक्षर कुठे बदललं, हे पाहायला कोणी गेलं नाही.

मॉडेलचं काम ऑफिसातल्या मॅडम बघतात. तरुण, चष्म्याच्या, दर वाक्याआधी "म्हणजे बघा" म्हणणाऱ्या. त्यांनी नकाशा काढला. एकेका झाडाचा एकेक ठिपका, जितकी वाढ जास्त तितका ठिपका मोठा. एका बाजूची झाडं पाच वर्षांत सात-आठ सेंटिमीटर वाढलेली, नेहमीसारखी. दुसऱ्या बाजूची सतरा-अठरा. आणि मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ.

मॅडम चक्रावल्या. शेजारीपाजारी सारखेच, ऊन सारखंच, मग हे काय? त्यांनी मापाऱ्याला फोन केला. "म्हणजे बघा, टेप नेहमीचाच होता ना?"

"नेहमीचाच."

खरंच तर होतं. मीच होतो.

मग त्यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंना खड्डे खणवले. जमिनीत काही वेगळं असेल, खडक असेल, पाण्याचा झरा असेल, असा अंदाज. खड्ड्यातून माती निघाली. दुसऱ्या खड्ड्यातूनही तीच माती निघाली. टपालकाका म्हणाले, "एवढ्यासाठी घाम गाळला होय!" मॅडमना हसू आलं नाही.

साहेबांना मात्र रेघ फार आवडली. त्यांनी नकाशा वर पाठवून दिला आणि वरून हुकूम आला. वेगाने वाढणारा भाग बियाण्यासाठी राखून ठेवा. मंद वाढणारा भाग महिन्याअखेर तोडा आणि तिथे नवी लागवड करा. तोडणीवाल्यांनी बुंध्यांवर लाल फुल्या मारायला सुरुवातही केली.

मापाऱ्याला आणि टपालकाकांना ऑफिसात बोलावलं. मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर कागदच कागद. मॅडम नजर चुकवत म्हणाल्या, "म्हणजे बघा, तुम्हाला सांगायला बरं वाटत नाही. पण तो भाग जाणार. तोडायच्या आधी बिल्ले काढून जमा करायचेत."

"बरं," मापारी म्हणाला.

"इतकी वर्षं मोजलीत तुम्ही ती झाडं. काहीच वाटत नाही?"

"वाटून काय होणार, मॅडम? किती बिल्ले?"

मॅडमनी कागद पाहिला. "एक ते सहाशे अकरा."

मी खिशात होतो, मापाऱ्याचा हात खिशात आला आणि त्याने मला घट्ट धरलं. "किती म्हणालात?"

"सहाशे अकरा."

"नकाशा बघू."

मॅडमनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. त्याने रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू वर नेलं. सात पट्टे पूर्ण. आठव्या पट्ट्यात रेघ अर्ध्यात वळत होती. "ती इथे का वळते, ते काही केल्या कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "खडक असेल म्हणून तर खणलं."

"खडक नाही," मापारी म्हणाला. "इथे ती खाली बसली."

कोणालाच काही कळेना. टपालकाका मॅडमकडे बघायला लागले. मापाऱ्याने मला बाहेर काढलं. टेबलावर पेनं ठेवायचा डबा होता. "याचा घेर दोरा लावून मोजा मॅडम. दोरा तुमच्या पट्टीवर धरा."

मॅडमनी मोजला. "चोवीस."

मग त्याने मला डब्याभोवती गुंडाळलं, वाकून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "चौतीस."

"चौतीस," टपालकाका सवयीने म्हणाले.

मापारी थांबला. त्याचे ओठ हलले पण आवाज येईना. मग आला तो अगदी बारीक आला. "चोवीस," तो म्हणाला. "हे ती म्हणायची. दर झाडाला. मी एकदाही म्हटलं नाही."

त्याने माझं शिवलेलं टोक मॅडमना दाखवलं आणि जीपच्या दारापासून सगळं सांगितलं. सांगताना आवाज सरळ होता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसा. टपालकाकांनी ते टोक हातात घेऊन पाहिलं. "म्हणजे मी सहाशे एकोणतीस झाडं चुकीची लिहिली? मी? अहो, एक पाकीट कधी चुकलं नाही माझं!"

"तुम्ही बरोबर लिहिलंत काका. मी सांगितलं तेच लिहिलंत."

"मग मला विचारायचं तरी सुचायला हवं होतं. टेपचं टोक बघतोय रोज, आणि दात नसलेलं तोंड बघावं तसा नुसता बघतोय!"

"मलाच नाही सुचलं, तुम्हाला कुठून सुचणार?"

मॅडम एव्हाना कॉम्प्युटरकडे वळल्या होत्या. सहाशे बारापासून पुढे सगळ्यांतून दहा वजा. एक बटण दाबलं. ठिपके हलले, बारीक झाले, आणि रेघ नाहीशी झाली. उरलं ते साधं जंगल. जाड झाडाच्या सावलीतले ठिपके लहान, कुठे एखादं पडून मोकळी जागा झाली होती तिथले जरा मोठे. दोन्ही बाजू सारख्या.

"गेली!" मॅडम आनंदाने ओरडल्या. "म्हणजे बघा, आता तोडायचं काही कारणच उरलं नाही. मी आत्ता साहेबांकडे जाते."

मापारी पडद्याकडे बघत होता. "म्हणजे आता बघून कळणार नाही," तो म्हणाला.

"काय कळणार नाही?"

"ती कुठपर्यंत होती ते."

मॅडम उठल्या होत्या, त्या परत बसल्या. मापारी रडायला लागला. सात महिन्यांत पहिल्यांदा. चांगला हुंदके देऊन, लहान मुलासारखा, ऑफिसात, भर दुपारी. "एवढा पट्टा संपवू म्हणालो मी तिला," तो म्हणत राहिला. "तिचं डोकं दुखत होतं आणि मी पट्टा संपवू म्हणालो." टपालकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मी त्याच्या मुठीत होतो. त्याने मुठीनेच डोळे पुसले, त्यामुळे मी चांगलाच भिजलो.

शांत झाल्यावर तो म्हणाला, "तो आधीचा नकाशा मला एक छापून द्या."

"अहो, पण तो चुकीचा आहे."

"असू दे. ऑफिसात तुमचा बरोबर ठेवा. मला चुकीचा द्या."

मॅडमनी छापून दिला. काही न विचारता, मोठ्या कागदावर, रंगीत.

साहेब दोन दिवस सगळ्यांवर डाफरले आणि मग हुकूम रद्द झाला. तोपर्यंत चाळीसेक झाडांवर लाल फुल्या पडल्या होत्या, त्या अजून आहेत. त्या झाडांना त्याचं काही नाही. आणि गंमत बघा, अकरा वर्षं फायलीत बसलेला नव्या टेपचा अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला. नवा टेप स्टीलचा आहे, चकचकीत, शून्यासकट. पुढची मोजणी तो करील. मापारी आणि टपालकाकाच जातील. टपालकाका आता आकडा लिहिण्याआधी तीनदा विचारतात, असं ऐकतो.

मी मापाऱ्याच्या घरी कपाटात असतो. नकाशाची गुंडाळी उलगडू नये म्हणून त्याने मला तिच्याभोवती वेढे देऊन गाठ मारली आहे. मोजायचं काम संपलं, आता नुसतं धरून राहायचं. कधीमधी तो कपाट उघडतो, गाठ सोडतो, नकाशा पलंगावर पसरतो आणि रेघेच्या अलीकडच्या झाडांवरून बोट फिरवतो. बरेच दिवस उघडतही नाही. तो पोटभर जेवतो की नाही, हे मला कपाटातून कळत नाही.

जाता जाता तुम्हाला एक विनंती करतो, जुना माणूस समजून ऐका. तुमच्याही घरात कोणीतरी तुमच्यासाठी काहीतरी न सांगता सांभाळून घेत असेल. तुम्ही म्हणता ते ऐकून, त्यात हवं ते कमीजास्त करून, तुमचं सगळं बरोबर ठेवत असेल. ते नेमकं काय करतं, हे एकदा त्याला विचारून घ्या. ते म्हणेल, आज एकदम काय सुचलं तुम्हाला, काम पडलंय माझं. तरी विचारा.